बॉनेटवरचे २३ टवके: मालवण किनाऱ्यावरच्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी चार वर्षं वापरलेली, मेटॅलिक करड्या रंगाची हॅचबॅक. मालक निवृत्त शिक्षक. घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम तीनशे मीटरवर. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. वर छप्पर आहे, पण तिन्ही बाजू उघड्या. मुलगी चिपळूणला दिलेली, त्यामुळे महिन्याला दोन फेऱ्या ठरलेल्या: कसालला महामार्ग गाठायचा आणि कणकवली, राजापूर, लांजा, हातखंबा, संगमेश्वर करत वर जायचं.

मुंबई-गोवा महामार्गाचं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ चं चौपदरीकरण रत्नागिरी जिल्ह्यात कसं रखडलं ते कोकणात कुणाला सांगायला नको. काम चालू तिथे वळणरस्ता, वळणरस्त्यावर सुटी खडी आणि त्या खडीवरून जाणारे चिऱ्याचे ट्रक नि डंपर. पुढच्या वाहनाच्या टायरखालून उडालेला खडा हवेत तरंगल्यासारखाच असतो. त्याच्यावर जाऊन आदळते ती आपली गाडी. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ६० ऐवजी ८० च्या वेगात तोच खडा जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जेने बसतो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात २३ ठिकाणी रंगाचे टवके उडाले. बहुतेक मोहरीएवढे, चार-पाच मसुरीएवढे.

अडचण: पहिली दुरुस्ती उलटली

पाऊस तोंडावर आलेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी स्वतःच टचअप पेन, म्हणजे टवके भरायचं रंगाचं पेन, आणून काम उरकलं. गाडी विहिरीच्या पाण्याने धुतली, पंचाने पुसली, प्रत्येक टवक्यावर थिनरचा बोळा फिरवला आणि पेनाचे दोन-दोन हात दिले. तासाभरात सगळं वाळलं, लांबून टवके दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या ठिपक्यांवर पांढरट साय आली होती. नारळी पौर्णिमेपर्यंत पाच ठिपक्यांभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी कडं उमटलं. गणपतीत चिपळूणहून आल्यावर पाहिलं, तर त्यातल्या तीन ठिकाणी रंगाखाली फोड आले होते आणि एक नखाने दाबल्यावर फुटला. आत काळपट ओला गंज.

पांढरी साय फारशी गंभीर नव्हती. पेनातला रंग थिनर उडून वाळणाऱ्या जातीचा असतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवा दमट असली की त्यावर बाष्प बसून रंग दुधाळ पडतो. जूनमध्ये कोकणात हे ठरलेलंच. खरा घोटाळा त्या सायीखाली होता.

गंज कुठून आला

कारखान्यातला रंग चार थरांचा असतो. पत्र्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला ईडी कोट सुमारे २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर ३०-३५, मग रंग देणारा बेस कोट साधारण १५ आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट ४० च्या आसपास. सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दीड-दोन पट. गंज अडवण्याचं मुख्य काम सगळ्यात खालचा ईडी कोट करतो. तो शाबूत असेपर्यंत टवका हा दिसण्याचा प्रश्न असतो. तो फुटला की पत्र्याचा प्रश्न होतो.

या २३ पैकी पाच टवके पत्र्यापर्यंत गेले होते आणि गंजले नेमके तेच पाच. जूनमध्ये हा फरक कुणी पाहिलाच नव्हता. सगळ्यांना सरसकट एकच उपचार झाला.

दुसरी गोष्ट मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ टवक्याच्या खळग्यात बसतं. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणी सोडते आणि घरोघरी त्यात तांदळाचे दाणे टाकतात, तोच प्रकार इथे टवक्याच्या खळग्यात होतो. वरून रंग भरला, तरी खाली खारं पाणी कोंडलेलं राहतं. वाहनांच्या टचअप रंगाचा पातळ थर पाण्याची वाफ पूर्णपणे अडवत नाही, त्यामुळे आतल्या मिठाला ओल मिळतच राहते.

मग थिनरने पुसलं ते? थिनरने मेण, तेल, डांबर निघतं. मीठ निघत नाही, कारण ते या द्रावकांत विरघळतच नाही. ते पाण्यानेच जातं. आणि जूनच्या आरंभी किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असतं. म्हणजे धुतानाच थोडं मीठ परत घातलं गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

कोणते पर्याय तोलले

सप्टेंबरअखेर मालक कुडाळकडच्या एका मेस्त्रींकडे गेले. मेस्त्री पूर्वी मालवण बंदरात ट्रॉलरची लोखंडी कामं रंगवत असत. त्यांनी बॉनेटवर बोट फिरवलं आणि शेड कार्डाला, म्हणजे रंगछटांच्या नमुन्यांना, हातही लावला नाही. "गुरुजी, रंगाचा मागीर बघूया. आधी मीठ धुवन काढूया."

पहिला पर्याय होता बॉनेट पूर्ण रंगवण्याचा. अंदाज ७ हजारांचा. पण मेटॅलिक करड्याची छटा शेजारच्या दोन्ही फेंडरशी, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांशी जुळवायची, तर रंग त्यांच्यावरही थोडा विरळ करत न्यावा लागतो. तो खर्च धरून आकडा १५ हजारांवर जात होता. मेस्त्रींनी जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जाडी मोजायचं गेज आणलं. बॉनेटवर सगळीकडे १०५ ते १२० मायक्रॉन भरलं, म्हणजे रंग मूळचा. कारखान्यात हे थर शंभर अंशांच्या बऱ्याच वरच्या तापमानाला भाजतात. गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास वाळवतात. पाच ठिपक्यांसाठी अख्ख्या बॉनेटचा भाजलेला रंग घासून काढणं पटलं नाही. शिवाय पुढे गाडी विकताना बॉनेट पुन्हा रंगवलेलं आहे हे गेज दाखवणार.

विम्याचा दावा लवकरच बाद झाला. टवके अनेक फेऱ्यांत उडालेले, ते एका अपघातात दाखवणं खोटं ठरलं असतं. खरं असतं तरी हिशेब बसत नव्हता: १,००० रुपये सक्तीची वजावट, रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा आणि चार वर्षं दावा न केल्याने मिळणारी ४५ टक्के नो क्लेम सवलत पुढच्या नूतनीकरणात शून्यावर.

बॉनेटवर पारदर्शक संरक्षक फिल्म, म्हणजे पीपीएफ, लावून घ्यावी असं मुलाने फोनवर सुचवलं. फिल्म पुढचे खडे अडवते हे खरं. पण गंजाच्या फोडावर ती चिकटवली, तर गंज नुसता झाकला जातो. म्हणून फिल्मचा विचार दुरुस्तीनंतर करायचा ठरलं.

उरला ठिपक्या-ठिपक्याचा टचअप, या वेळी रीतसर. हाच निवडला.

निर्णय: लगेच की थांबून

ऑक्टोबरमध्ये ऊन असतं, पण हवेतली ओल हटलेली नसते. लोखंडकामात एक साधा नियम पाळतात: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसतं त्यापेक्षा, किमान ३ अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांखाली. सकाळी २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २४ च्या जवळ येतो. फरक दोनच अंश, म्हणजे न दिसणारं दव पत्र्यावर असू शकतं. दुपारी ३१ अंश आणि ६० टक्के असेल, तर दवबिंदू २२ च्या आसपास. तेव्हा काम करता येतं. दिवाळी होऊ द्यायची आणि नोव्हेंबरच्या मध्यात सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत काम करायचं, असं ठरलं.

मधल्या सहा आठवड्यांचं काय? मालकांना टवक्यांवर सेलोटेप लावायची होती. मेस्त्रींनी नको म्हटलं, कारण टेपच्या कडेतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. फोड फोडून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, सुकवून वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं आणि दर आठवड्याला ते पुसून नव्याने लावलं. गाडीचं कापडी कव्हरही काढून ठेवलं. दमट हवेत ते ओलं होऊन बॉनेटला चिकटून बसत होतं आणि त्याखाली गेलेली वाळू कव्हर हलताना रंग घासत होती.

केलेलं काम

पहिला दिवस नुसत्या धुण्याचा. शाम्पूने धुऊन नळाच्या पाण्याने खळबळलं. नंतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावरून आणून इंजेक्शनच्या पिचकारीने, सुई काढून, प्रत्येक टवक्यात सोडलं, टिपलं, परत सोडलं. असं पाच-सहा वेळा. गंजलेल्या पाच ठिकाणी हे गंज खरवडण्याआधी एकदा आणि खरवडून झाल्यावर पुन्हा केलं, कारण मीठ गंजाच्या थराखाली लपलेलं असतं.

मग टवक्यांची वर्गवारी. ओल्या बोटाने पुसल्यावर जो ओरखडा दिसेनासा होतो, तो फक्त क्लिअरमध्ये असतो. खळग्यात करडा प्रायमर दिसला तर मध्यम. चकाकी किंवा तपकिरी दिसली तर पत्रा. नऊ टवके वरवरचे, नऊ मध्यम, पाच पत्र्यापर्यंतचे. वरवरच्यांना नुसतं क्लिअर, मध्यमांना बेस कोट आणि क्लिअर, पाचांना इपॉक्सी प्रायमरपासून, म्हणजे उघड्या पत्र्याला घट्ट धरणाऱ्या अस्तरापासून, सगळं. प्रत्येकाशेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर १, २, ३ लिहिलं. कंटाळवाणं काम, पण जूनमध्ये नेमकं हेच राहिलं होतं.

गंज काढताना मेस्त्री आणि मालक यांच्यात मतभेद झाला. मेस्त्रींच्या हाताशी गंजाचं रूपांतर करणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण होतं. ते लावलं की गंजाचं फॉस्फेट होतं आणि काळा थर बसतो. अडचण अशी, की आम्ल नीट धुतलं नाही तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट पकडत नाही. मालकांचा आग्रह खरवडण्याचा. शेवटी चार ठिकाणी सर्जिकल ब्लेडच्या टोकाने आणि काचतंतूच्या पेनाने पत्रा पांढरा दिसेपर्यंत खरवडलं. पाचवा टवका बॉनेटच्या अगदी पुढच्या दुमडीवर होता, पेन आत जाईना. तिथे द्रावण लावलं, धुतलं, वाळवलं.

खरवडताना टवक्याची कडही बघायची असते. कडेचा रंग सुटा असेल, तर ब्लेडने उचलून घट्ट रंगापर्यंत जायचं. टवका मोठा होतो, इलाज नाही.

इपॉक्सी प्रायमर दोन भागांचा. डब्यावर ४:१ प्रमाण होतं, म्हणून इन्सुलिनच्या सिरिंजने ०.८ मिली प्रायमर आणि ०.२ मिली हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा दुसरा भाग, घेतलं. थिनरने सिरिंजचं रबर फुगतं, त्यामुळे प्रत्येक वेळी नवी. टूथपिकच्या टोकाने एकेक थेंब, तो फक्त खळग्यात, कडेबाहेर नाही. रात्रभर वाळू दिलं.

बेस कोट कोल्हापूरहून आणला. इंजिन कप्प्यातल्या प्लेटवरचा रंगाचा कोड देऊन १०० मिली मिसळून घेतला. एकाच कोडच्या दोन-तीन छटा असतात, म्हणून आधी पांढऱ्या कार्डावर बेस आणि क्लिअर दोन्ही मारून ते उघड्यावर बॉनेटशेजारी धरलं. क्लिअर न मारता जुळवणी केली की हमखास फसगत होते, कारण क्लिअरखाली रंग गडद दिसतो. पहिली छटा फिकी निघाली, दुसरी चालली. ब्रशने लावलेल्या मेटॅलिकमधली चंदेरी भुकटी हवी तशी सपाट बसत नाही आणि ठिपका तिरक्या उजेडात किंचित काळा दिसतो. त्यावर थोडाफार उपाय म्हणजे बाटली दोन मिनिटं खळखळून हलवायची, रंग जरा पातळ ठेवायचा आणि एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थेंब, दोन थेंबांमध्ये २०-३० मिनिटं थांबून. वाळताना रंग बसतो, म्हणून खळगा बेसने काठोकाठ भरायचा नाही. वरची जागा क्लिअरला लागते.

क्लिअर दोन भागांचं, २:१. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना आणि त्वचेला अपायकारक रसायन असतं, म्हणून ब्रशने आणि उघड्यावर काम असूनही हातमोजे आणि मास्क. शेवटचा थेंब पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवला आणि सात दिवस हात लावला नाही. सगळं काम सावलीत केलं. तापलेल्या बॉनेटवर थिनर उकळून टाचणीएवढी भोकं पडतात.

आठवड्याने घासणं. ऑफिसातल्या पंचिंग मशीनने २००० नंबरच्या वॉटर पेपरच्या, म्हणजे पाणी लावून घासायच्या बारीक पॉलिश पेपरच्या, टिकल्या पाडल्या आणि दुहेरी टेपने पेन्सिलीच्या सपाट मागच्या टोकाला चिकटवल्या. साबणाचं पाणी घेऊन फक्त उंचवट्यावर आठ-दहा वळसे, पुसून बघायचं, परत. मग ३००० ने, शेवटी हाताने रबिंग कंपाउंड. हिशेब लक्षात ठेवायचा: मूळ क्लिअर ४० मायक्रॉन. आजूबाजूला पाच-सहा गेले तर चालतात, वीस नाहीत.

आणि एका ठिकाणी ते गेलेच. बॉनेटच्या उठावदार घडीवरचा टवका घासताना फडक्यावर करडा रंग उमटला. घडीवर क्लिअर मुळातच पातळ बसलेलं असतं आणि कागदाचा सगळा दाब तिथेच येतो. करडं फडकं म्हणजे क्लिअर फुटलं. तिथे नखाएवढा निस्तेज डाग राहिला. त्यावर क्लिअरचा हात देऊन थोडा झाकला, पूर्ण नाही.

माल सुमारे २,८०० रुपयांचा, मेस्त्रींची मजुरी २,०००.

काय झालं

पुढचा पावसाळा पूर्ण होऊन गणपतीत पुन्हा मोजणी केली. खरवडलेल्या चारही ठिकाणी कडं नाही, फोड नाही. वरवरचे नि मध्यम अठरा जसेच्या तसे. तीन फुटांवरून टवके शोधावे लागतात. सकाळच्या तिरक्या उन्हात मात्र सात-आठ ठिपके गडद दिसतात. घडीवरचा डाग दिसतो तो दिसतोच.

दुमडीवरच्या पाचव्यातून जुलैअखेर गंजाचं पाणी ओघळलं. द्रावण वापरलेली हीच एक जागा, म्हणून दोष त्यावर टाकणं सोपं आहे. पण दुमडीत दोन पत्रे एकमेकांवर वळवलेले असतात, मीठ आतल्या फटीत असतं आणि तिथवर ना पिचकारी पोचली ना ब्लेड. यातलं नेमकं कारण कोणतं, हे एका टवक्यावरून सांगता येत नाही.

आणखी एक टवका कुणाच्या गावीही नव्हता. छताची पुढची कड, समोरच्या काचेच्या रबराच्या लगेच वर. बॉनेटवरून उसळलेला खडा तिथे बसतो. त्या जागी पावसाळ्यात रबराखाली गंज पसरला. काच काढल्याशिवाय तिथे हात घालता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमधली घाई टाळायला हवी होती. पाऊस तोंडावर असताना टवके धुऊन, वाळवून जेली लावून ठेवली असती आणि रंग नोव्हेंबरला केला असता, तर पाचपैकी निदान तीन-चार नुसत्या थेंबावर भागले असते, ब्लेड लागलं नसतं. त्याआधीचा मुद्दा म्हणजे फेब्रुवारीतला पहिला टवका. थंडीच्या शेवटी हवा कोरडी असते. तेव्हाच पत्र्यापर्यंत गेलेला एकेक टवका त्या-त्या आठवड्यात बंद करणं सगळ्यात स्वस्त होतं.

मोजणी फक्त बॉनेटची झाली, ही दुसरी चूक. छताची कड, काचेच्या बाजूचे खांब, चाकांच्या कमानींच्या कडा आणि दाराखालची पट्टी हे सगळं टेपचे तुकडे लावून पाहायला हवं होतं. दुमडीसाठी इपॉक्सीनंतर आतल्या बाजूने मेणाचा थर फवारायला हवा होता. मेस्त्रींनी तो सुचवला होता, मालकांनी वास येतो म्हणून नको म्हटलं.

घडीवरच्या ठिपक्याला घासायला नको होतं, तो उंच राहिला तरी चालला असता.

फिल्मचा विषय अजून लोंबकळतो आहे. मालकांनी सध्या संगमेश्वर ते लांजा पट्ट्यात ५० च्या वर जायचं नाही आणि डंपरच्या मागे राहायचं नाही असं ठरवलंय. छताच्या कडेच्या टवक्यासाठी डिसेंबरमध्ये काच काढायची वेळ घेतली आहे. दुमडीतला टवका त्याच दिवशी उघडायचा आहे.